आधी शब्द, मग घोट

जॉर्जियातल्या मेजवानीत पाहुण्याला सगळ्यात आधी एक गोष्ट शिकावी लागते. समोरचा पेला भरलेला असला, तरी मनात आलं म्हणून तो तोंडाला लावायचा नाही. जेवायला कुणाची आडकाठी नसते. मेजाचं लाकूड दिसू नये इतक्या ताटल्या मांडलेल्या असतात. अक्रोडाचं वाटण भरलेल्या वांग्याच्या वळकट्या, पालक किंवा बीट वाटून केलेले प्खालीचे गोळे, चीज भरलेली गरम खाचापुरी, निखाऱ्यावर भाजलेलं मांस, तोंडी लावायला हिरव्या पाल्याच्या जुड्या. जागा संपली की ताटलीवर ताटली चढते. खाणाऱ्याने पोटभर खावं, शेजाऱ्याशी गप्पा माराव्यात. वाइनचा घोट मात्र कुणासाठी तरी चार शब्द बोलले गेल्यावरच घ्यायचा. ते शब्द सगळ्यात आधी बोलण्याचा मान मेजावर एकाच व्यक्तीकडे असतो. तिला तमादा म्हणतात, आणि या सगळ्या बैठकीला सुप्रा.

काळा समुद्र आणि काकेशसच्या रांगा यांच्यामध्ये वसलेला हा सुमारे ३७ लाख वस्तीचा देश. पेला उंचावून कुणाचं शुभ चिंतण्याची, म्हणजे टोस्टची, रीत जगात पुष्कळ ठिकाणी आहे. लंडनमधल्या लग्नात किंवा न्यूयॉर्कमधल्या निरोपसमारंभात कुणी उठतं, दोन-चार मिनिटं बोलतं, पेले एकमेकांना टेकतात आणि जेवण पुढे सुरू होतं. जॉर्जियात टोस्ट हाच कार्यक्रम असतो आणि जेवण त्याच्या सोबतीला. संध्याकाळी मांडलेली सुप्रा मध्यरात्र सहज ओलांडते. लग्न, बाप्तिस्मा, वाढदिवस, नवं घर, द्राक्षांची तोडणी, सैन्यातली नोकरी संपवून परतलेला मुलगा, दूरदेशाहून आलेला पाहुणा, अशा प्रत्येक निमित्ताला सुप्रा मांडली जाते. माणूस गेला तरी मांडली जाते. २०१७ मध्ये जॉर्जियाने या रिवाजाची आपल्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंद केली.

तमादा कोण असावा, हे यजमान ठरवतो. घरगुती जेवणात बहुतेकदा घरचा कर्ता माणूसच ते काम करतो. आलेल्यांत कुणी बोलका आणि वयाने मान असलेला स्नेही असेल, तर त्याला गळ घातली जाते. लग्नात दोन-तीनशे माणसं जमतात, तिथे नाव कमावलेला तमादा आधीच सांगून ठेवतात. त्याला भाषा यावी लागते, कविता पाठ असाव्या लागतात, आणि दोन्ही घरांची नातीगोती ठाऊक असावी लागतात. कुणाचा भाऊ गेल्या वर्षी वारला, कुणाच्या मुलीला नुकतीच नोकरी लागली, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, हे माहीत नसेल तर तो भलतंच बोलून बसायचा. शिवाय प्रत्येक टोस्टला त्याचा स्वतःचा पेला रिकामा झाला पाहिजे, आणि एवढं पिऊनही जीभ किंवा पाय अडखळता कामा नयेत. झिंगलेला तमादा ही यजमानाला मान खाली घालायला लावणारी गोष्ट. पेले भरत राहण्यासाठी मेरिकिपे नावाचा वेगळा मदतनीस नेमलेला असतो. कुणाचा पेला कधी भरायचा आणि कुणाचा अर्धाच ठेवायचा, ही नजर त्याने ठेवायची.

राजधानी तिबिलिसीच्या जुन्या शहरात या तमादाचा कांस्याचा पुतळा आहे. हातात शिंगाचा पेला घेतलेला, लहानशा बैठकीवर विसावलेला हा माणूस म्हणजे पश्चिम जॉर्जियातल्या वानी इथे उत्खननात सापडलेल्या छोट्या मूर्तीची मोठी केलेली प्रतिकृती. मूळ मूर्ती ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातली आहे. तिच्या हातातला पेला तेव्हा कुणाच्या नावाने उचलला जात होता, हे अर्थात मूर्तीवरून कळत नाही. तरी पर्यटक पुतळ्याच्या मांडीवर बसून फोटो काढतात आणि तिबिलिसीकर त्याला आपला पहिला तमादा मानतात.

टोस्टचा क्रम प्रांताप्रांतात, घराघरांत थोडा बदलतो, पण त्याची चौकट सगळ्यांना माहीत असते. पहिला टोस्ट देवाचा किंवा शांततेचा. मग ज्या कारणासाठी सगळे जमले त्या कारणाचा, यजमान कुटुंबाचा, देशाचा, आईवडिलांचा, गेलेल्यांचा, मुलांचा, स्त्रियांचा, भावंडांचा, मित्रांचा, पाहुण्यांचा. सुरुवातीचे टोस्ट सगळ्यांच्या वतीने, सगळ्यांसाठी असतात. रात्र चढते तसा तमादा एकेका माणसाकडे वळतो. ख्यालगायक जसा आधी विलंबितात रागाची ओळख पक्की करतो आणि द्रुताकडे नंतर वळतो, तसाच हा प्रवास आहे. घाई केलेली जाणकारांना खपत नाही. प्रत्येक टोस्टच्या अखेरीस ‘गाउमार्जोस’ असा घोष होतो. त्याचा अर्थ ‘विजय असो’.

शांततेचा टोस्ट पहिला असतो, याला इतिहासाचं कारण आहे. अरब, मंगोल, इराणी, तुर्क, रशियन अशा सत्ता या भूमीवरून आल्या आणि गेल्या. सोव्हिएत संघ मोडल्यावर १९९२-९३ मध्ये अबखाझिया या प्रदेशात युद्ध झालं आणि दोन लाखांहून अधिक माणसं घरदार सोडून निघाली. ऑगस्ट २००८ मध्ये रशियाबरोबर पाच दिवसांचं युद्ध झालं. आज तिबिलिसीच्या कुठल्याही मोठ्या सुप्रात आपलं मूळ घर पुन्हा पाहू न शकलेलं एखादं कुटुंब बसलेलं असतं. अशा लोकांसमोर शांततेबद्दल उगाच काहीतरी बोलता येत नाही.

खरी कसोटी लागते ती ओळखीच्या विषयावर. समजा, आईवडिलांचा टोस्ट आहे. आई थोर असते, बाप आधार असतो, हे प्रत्येकाने शेकडो वेळा ऐकलेलं. तमादाने तेच म्हटलं तर लोक पेला उचलतात, पण मन लावून ऐकत नाहीत. म्हणून चांगला तमादा मेजावरच्याच एखाद्या आईकडे वळतो. ती भूकंपाच्या रात्री कुणाला घेऊन अंगणात धावली, तिने कुठल्या हिवाळ्यात दागिना मोडून मुलाची फी भरली, असं काही तिच्याबद्दलचं, खरं आणि नेमकं, तो सगळ्यांसमोर मांडतो. तिथून तो समोर बसलेल्या प्रत्येकाच्या आईपर्यंत जातो. हे ऐकताना ती बाई तिथेच बसलेली असते, तिचा मुलगाही असतो, आणि मुलाला ही हकिगत कदाचित प्रथमच कळत असते. माणसाच्या चांगुलपणाची अशी ठळक नोंद त्याच्या हयातीत, त्याच्या देखत होणं, हे या रिवाजाचं सगळ्यात मोठं देणं आहे. आपल्याकडे एखाद्याविषयीचं पुष्कळसं चांगलं बोलणं शोकसभेपर्यंत राहून जातं. सुप्रात ते वेळेवर बोललं जावं, म्हणून एका माणसाची नेमणूकच केलेली असते.

तमादाचं बोलून झालं की तो कुणाचं तरी नाव घेऊन ‘अलावेर्दी’ म्हणतो. म्हणजे आता या विषयावर त्या माणसाने बोलायचं. त्याने विषय बदलायचा नसतो. तमादाने मांडलेलं सूत्र पुढे न्यायचं, आपल्या अनुभवाची भर घालायची. मग मेजावरचे इतरही एकेक करून तोच टोस्ट आपापल्या शब्दांत पुरा करतात. आधीच्याने सांगितलेलं पुन्हा सांगितलं तर चालून जातं, पण कुणी लक्षात ठेवत नाही. म्हणून शेवटी पाळी येणाऱ्याला जास्त विचार करावा लागतो. गप्प बसणारा, संकोची माणूसही अशा वेळी अर्धं मिनिट का होईना बोलतो आणि बाकीचे सगळे तेवढा वेळ थांबून त्याचं ऐकतात. मोठ्या मानाच्या टोस्टला कांत्सी बाहेर काढतात, म्हणजे बैलाचं किंवा रानबकऱ्याचं शिंग. ते खाली टेकवून ठेवता येत नाही, त्यामुळे रिकामं केल्याशिवाय सुटका नसते.

बोलण्याच्या मधल्या जागा गाणं भरून काढतं. जॉर्जियन बहुस्वरी गायनात तीन स्वतंत्र स्वरावली एकाच वेळी चालतात. हे गायन ‘युनेस्को’ने २००१ मध्ये मानवजातीच्या मौखिक वारशाचा उत्तम नमुना म्हणून गौरवलं. ‘म्रावालझामिएर’ या नावाची गाणी तर शुभचिंतनासाठीच आहेत. दीर्घायुष्याची इच्छा हा त्यांचा आशय. वेगवेगळ्या प्रांतांत त्यांच्या वेगवेगळ्या चाली आहेत. पूर्वेकडच्या काखेती प्रांतातलं ‘चाक्रुलो’ हे मेजावर म्हटलं जाणारं गाणं १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीत गेलं. केसरबाई केरकरांची भैरवीतली ‘जात कहाँ हो’ याच तबकडीवर आहे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या गायिकेचा आणि काखेतीच्या पुरुषांचा आवाज असे दोन्ही आंतरतारकीय अवकाशात एकत्र प्रवास करत आहेत.

गेलेल्यांचा टोस्ट आला की मेजावरचं वातावरण बदलतं. पुरुष बहुधा उठून उभे राहतात. पेले एकमेकांना टेकवत नाहीत. काही जण पाव हातात घेऊन त्यावर वाइनचे चार थेंब सोडतात. तो वाटा गेलेल्यांचा. तमादा नावं घेतो. आजोबा, यजमानाचा तरुणपणी गेलेला भाऊ, युद्धातून न परतलेला शेजारी, आणि ज्यांचं नाव घ्यायला मागे कुणी उरलं नाही, असेही सगळे. लग्नाच्या मेजवानीतही हा टोस्ट टळत नाही. आनंदाच्या दिवशी मृतांची आठवण काढणं अशुभ मानावं, असं तिथे कुणाला वाटत नाही. उलट त्यांना वगळून लग्न साजरं केलं तर काहीतरी चुकलं असं वाटेल. त्यानंतरचा टोस्ट लगेच मुलांचा, नव्या आयुष्याचा असतो. हा क्रम सहसा कुणी मोडत नाही. अनेक शतकं ज्यांनी माणसं गमावली, त्यांनी शोकाला किती वेळ थांबू द्यायचं आणि तिथून पुढे कसं निघायचं, हे या दोन टोस्टच्या जोडीत बसवून ठेवलं आहे.

मृत्यूनंतरच्या जेवणाला केलेखी म्हणतात. दफनाच्या दिवशी, चाळिसाव्या दिवशी आणि वर्षश्राद्धाला ते होतं. तिथेही तमादा असतो, पण गाणं नसतं, ‘गाउमार्जोस’ नसतं, आवाज चढत नाही. गहू, मध आणि मनुका यांचा गोड पदार्थ आणि मांस किंवा अळंबी घालून केलेला मऊ भात हे ठरलेले जिन्नस. टोस्ट मोजके असतात: गेलेल्या माणसाचा, त्याच्या आधी गेलेल्या घरच्यांचा, आणि शेवटी मागे राहिलेल्यांच्या आरोग्याचा. ईस्टरला लोक कबरींवर जातात, लाल रंगवलेली अंडी तिथे ठेवतात, वाइन मातीत ओततात आणि तिथेच बसून चार घास खातात. आईच्या कबरीपाशी नातवाच्या निकालाची बातमी सांगून पेला उंचावणं यात त्यांना काहीच वावगं वाटत नाही.

या सगळ्याला वाइनच का, असं विचारलं तर जॉर्जियन माणूस जमिनीकडे बोट दाखवतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार तिबिलिसीच्या दक्षिणेला सुमारे ५० किलोमीटरवर गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा या नवाश्मयुगीन वस्त्यांतल्या खापरांवर द्राक्षांच्या वाइनचे रासायनिक अंश सापडले. काळ ख्रिस्तपूर्व ६००० ते ५८००. द्राक्षांपासून वाइन केल्याचा याहून जुना रासायनिक पुरावा तेव्हा हाती नव्हता. आजही खेड्यांत घराच्या मारानीत, म्हणजे वाइनच्या कोठीत, मातीचे अंडाकृती रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असतात. त्यांना क्वेव्री म्हणतात. आतून मेणाचा हात दिलेल्या या रांजणात द्राक्षांचा रस, साली आणि बियांसकट भरतात, वरून दगडी झाकण लावून मातीने बंद करतात, आणि पाच-सहा महिने जमिनीच्या गारव्यात तो तसाच राहू देतात. पांढऱ्या द्राक्षांची वाइनही सालींबरोबर राहिल्यामुळे तांबूस-पिवळी होते. क्वेव्रीची ही पद्धत २०१३ मध्ये ‘युनेस्को’च्या यादीत आली. काही घरांत एक रांजण चर्चसाठी वेगळा राखलेला असे आणि त्याला घरच्या कामासाठी हात लागत नसे.

इतकं असलं, तरी आज दिसणारी सुप्रा हजारो वर्षं जशीच्या तशी चालत आली आहे, असं समजणं बरोबर नाही. मेजवानी आणि वाइन प्राचीन आहेत. पण ठरलेला क्रम, लांब भाषणं आणि सर्वाधिकारी तमादा हे रूप एकोणिसाव्या शतकात घडलं, असं अनेक अभ्यासक मांडतात. त्या काळात जॉर्जिया रशियन साम्राज्यात गेला होता. स्वतःचं राज्य नव्हतं, आपल्या लोकांचा कारभार आपल्या हाती नव्हता. जॉर्जियन भाषेत, जॉर्जियन माणसांसमोर, देशाचं नाव घेऊन बोलायची मोकळी जागा उरली होती ती घरचं मेज. पुढे सोव्हिएत काळातही तेच झालं. सभेत काय बोलायचं हे वरून ठरलेलं असे. सुप्रात देवाचं नाव घेता येई, तुरुंगात गेलेल्या काकांची आठवण काढता येई. दीड-दोन शतकांचंच वय असणं हा या रिवाजाचा उणेपणा मानायचं कारण नाही. ज्या लोकांकडून बाकी सगळं काढून घेतलं गेलं, त्यांनी ही व्यवस्था स्वतः घडवली, हे जास्त मोलाचं आहे.

रशियन साम्राज्याच्या काळातला निको पिरोस्मानी हा चित्रकार (१८६२-१९१८) काळ्या मेणकापडावर मेजवान्या रंगवत असे. खानावळींच्या पाट्या आणि भिंतीवरची चित्रं करायची, बदल्यात जेवण आणि वाइन घ्यायची, असं त्याचं आयुष्य गेलं. त्याच्या चित्रांतली माणसं पेले उंचावून सरळ आपल्याकडे पाहतात. मेजावर मासा, पाव आणि वाइनचा बुधला, मागे डोंगर. तो गरिबीत मेला. पुढे त्याचं चित्र जॉर्जियाच्या नोटेवर छापलं गेलं.

तमादाचा हा टोस्टचा अधिकार माणसाला चिरडण्यासाठीही वापरला गेला, आणि तो वापरणारा माणूसही जॉर्जियनच होता. गोरी गावात जन्मलेल्या स्टालिनने ही रीत क्रेमलिनमध्ये नेली. ३० नोव्हेंबर १९४३ रोजी तेहरानमध्ये चर्चिलच्या ६९व्या वाढदिवसाच्या जेवणात चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन एका मेजावर होते आणि टोस्टवर टोस्ट झाले. अमेरिकेच्या यंत्रांविना हे युद्ध हरलो असतो, अशी उघड कबुली स्टालिनने याच मेजावर दिली. पण मॉस्कोबाहेरच्या त्याच्या बंगल्यात रात्री होणारी जेवणं वेगळीच होती. युगोस्लाव्ह नेते मिलोव्हान जिलास यांनी त्यांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. बाहेर शून्याखाली किती अंश तापमान आहे हे प्रत्येकाने ओळखायचं आणि जितक्या अंशांनी अंदाज चुकेल तितके पेले व्होडका प्यायची, असा एक खेळ तिथे चाले. नाही म्हणायची सोय नव्हती. टोस्टमधलं प्रेम काढून टाकलं आणि सक्ती तेवढी ठेवली की काय उरतं, हे त्या मेजावर दिसलं.

सक्तीचा हा प्रश्न साध्या घरांतही आहे आणि जॉर्जियन लोक त्यावर मोकळेपणाने भांडतात. २००० च्या सुमारास तिबिलिसीतल्या विचारवंतांमध्ये सुप्रावर मोठा वाद झाला. एकाच माणसाने तासन्‌तास बोलायचं, बाकीच्यांनी त्याच्या परवानगीने बोलायचं, हे लोकशाहीला शोभतं का, असा एक सवाल होता. स्तुतीच्या सवयीमुळे खरं बोलण्याची सवय जाते, असाही आक्षेप होता. स्त्रियांचा मुद्दा सगळ्यांत खरा आहे. त्यांच्या गौरवाचा टोस्ट पुरुष उभे राहून करतात, आणि ज्या स्त्रियांचा गौरव चालू आहे त्या अनेक घरांत त्याच वेळी स्वयंपाकघरात पुढची ताटली भरत असतात. आता शहरांतल्या तरुण मंडळींत स्त्रिया तमादा होतात, पण जुन्या घरांत आजही हा मान पुरुषाकडे जातो. हे बदलायला हवं, आणि बदलल्याने रिवाजाचं काही बिघडणार नाही. उलट निम्म्या मेजाकडे जे सांगण्यासारखं आहे, ते प्रथमच ऐकू येईल.

बाहेरचे आघातही कमी झाले नाहीत. १९८५ पासूनच्या गोर्बाचेव्ह यांच्या दारूविरोधी मोहिमेत द्राक्षमळे उखडले गेले. २००६ मध्ये रशियाने जॉर्जियाच्या वाइनवर बंदी घातली. तोवर निर्यातीचा बहुतांश भाग तिकडेच जात होता. बंदी २०१३ पर्यंत टिकली. त्या वर्षांत अनेक उत्पादक दुसऱ्या देशांकडे वळले आणि घरगुती क्वेव्रीच्या वाइनला युरोप-अमेरिकेत कदर करणारे लोक मिळाले.

‘चाक्रुलो’ जिथलं, त्या काखेतीचा एक धागा थेट जुन्या गोव्यात येऊन पोहोचतो. काखेतीची राणी केतेवान हिला तिचा मुलगा, राजा तेइमुराझ पहिला, याच्या वतीने बोलणी करण्यासाठी इराणच्या शाह अब्बासकडे पाठवलं गेलं. तिथे तिला शिराझमध्ये कित्येक वर्षं अडकवून ठेवलं. धर्म बदलायला तिने नकार दिला, म्हणून १६२४ मध्ये तिचा छळ करून तिला मारण्यात आलं. शिराझमधल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिचे अवशेष मिळवले आणि १६२७ मध्ये त्यांचा एक भाग गोव्यातल्या आपल्या मठात आणला. मठाचं छत १८४२ मध्ये कोसळलं, मोठी दर्शनी भिंत १९३१ मध्ये. आज जुन्या गोव्यात जाणारे सगळे या मठाचा उंच, अर्धवट उरलेला मनोरा पाहतात, पण काखेतीच्या राणीशी त्याचा संबंध फार थोड्यांना माहीत असतो. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांतल्या खुणांवरून शोध घेता घेता २००४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला तिथे हाताचं एक हाड मिळालं. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संस्थेने त्याची डीएनए तपासणी केली. आईकडून येणारा त्याचा वंशप्रकार भारतीय नमुन्यांत सापडत नव्हता, जॉर्जियन नमुन्यांत मात्र आढळला. २०१७ मध्ये ते अवशेष काही महिन्यांसाठी जॉर्जियाला नेण्यात आले, तेव्हा दर्शनाला रांगा लागल्या. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी त्यांचा एक भाग कायमचा जॉर्जियाच्या हवाली केला. केतेवान तिथे संत मानली जाते आणि हजारो मुलींना तिचं नाव ठेवलेलं आहे.

टोस्टची एक रीत गोव्यातही आहे, तिचं वळण मात्र पोर्तुगीज. ख्रिस्ती लग्नात केक कापून झाला की टोस्ट उचलायचा मान कुटुंबातल्या किंवा स्नेह्यांतल्या एखाद्या बोलक्या माणसाला देतात. मामा, बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता किंवा शाळेतले शिक्षक, असं कुणीतरी. कोंकणीत, कधी इंग्रजीत, वधूवरांच्या लहानपणीच्या खोड्यांपासून संसाराबद्दलच्या दोन शब्दांपर्यंत तो बोलतो, आणि मग सगळा मांडव पेले उंचावून जयघोष करतो. ही पाच-दहा मिनिटं चांगली वठावीत म्हणून कित्येक घरांत माणसाची निवड फार विचारपूर्वक होते. चांगला टोस्ट झाला तर त्या लग्नाची आठवण सांगताना लोक जेवणाच्याही आधी त्याचं नाव घेतात.

वैद्यकीय शिक्षणासाठी तिबिलिसीला जाणाऱ्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांत महाराष्ट्रातली मुलंमुलीही आहेत, आणि वर्गमित्राच्या घरचं आमंत्रण आलं की सुप्राशी गाठ पडतेच. न पिणाऱ्याची तिथे अडचण होईल असं वाटतं, पण आता तसं राहिलेलं नाही. गाडी चालवणारे, औषधं घेणारे आणि न पिणारे यांच्या पेल्यात ताऱ्हुनाचं, म्हणजे टॅरॅगॉनच्या पाल्याचं, हिरवं सरबत असतं. कुतायसी शहरातल्या मित्रोफान लागिद्झे या औषधविक्रेत्याने १८८७ मध्ये ते पहिल्यांदा केलं. सरबताचा पेलाही तमादाच्या शब्दानंतरच उचलायचा, एवढा नियम पाळला की झालं. पाहुण्याकडून एक गोष्ट मात्र अपेक्षित असते. रात्र सरत आली की त्याने तमादाची परवानगी मागून यजमानांच्या घरासाठी आपल्या भाषेत का होईना चार वाक्यं बोलावीत. मराठीत बोललं तरी चालतं. शेजारी बसलेला कुणीतरी अर्थ सांगतो, आणि अर्थ सांगून होईपर्यंत कुणीही पेल्याला हात लावत नाही. त्यानंतर तमादाच्या आभाराचा टोस्ट होतो, सर्व संतांच्या नावाने शेवटचा पेला होतो, आणि निरोप घेता घेता दारात आणखी अर्धा तास जातो.